आजोबांच्या कंपवातासाठी पीएचडी करू का?

हर्णैहून एका मुलीचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणते. वय २३, रत्नागिरीला रूम करून राहते, एमएस्सी झूलॉजीचं दुसरं वर्ष चालू आहे, घरात पिढीजात मासेमारी. आजोबांना सहा वर्षं झाली पार्किन्सन्स आहे, आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. हिला पार्किन्सन्स, अल्झायमर असल्या आजारांत मेंदूच्या पेशी का मरतात, आत रेणूंच्या पातळीवर नेमकं काय बिघडतं यावर पीएचडी करायचीय आणि बाबा म्हणतायत लोट्याच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या तपासणीला लाग नाहीतर बीएड कर. पत्र चार पानी आहे, त्यातला थोडाच भाग देते.

"ताई, जाळं विणण्यात आजोबांचा हात धरणारा आमच्या आळीत कोणी नव्हता. आता सुई हातात घेतली की नुसती थरथरते, दोरा ओवला जात नाही. सकाळच्या गोळीनंतर बरे असतात, अंगणात बसून दोन-चार गाठी मारतात पण. दुपारी मात्र जेवून गोळी घेतली तरी काही फरक पडत नाही, चार-साडेचारपर्यंत नुसते खांबाला टेकून बसलेले असतात. मला हे का होतं ते शोधायचंय. बाबा म्हणतात, तू शिकून येस्तवर म्हातारा राहनार हाय का? मला उत्तर देता आलं नाही. ओळखीच्या एकांनी खाजकुयलीचं चूर्ण आणून दिलंय, ते द्यावं का? आणि हा आजार मलापण होईल का, टेस्ट करून घेऊ का?"

अगं, पीएचडीचं बघू नंतर, आधी दुपारच्या गोळीचं बोलू. आजोबा गोळी जेवण झाल्यावर घेतात असं तूच लिहिलंयस, आणि हर्णैच्या घरात दुपारच्या ताटात मासे नाहीत असे दिवस वर्षात किती असतील ते मला सांगायला नको. आता त्या गोळीत बहुतेक लेव्होडोपा असणार, पाकिटावर बघ. लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. मासे, अंडी, डाळी पचल्यावर जी अमिनो आम्लं सुटतात त्यातली बरीचशी आणि हे औषध, दोघांनाही आतड्यातून रक्तात जायला आणि रक्तातून मेंदूत शिरायला एकच होडी असते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं कसं होतं बघ, लग्नाचं वऱ्हाड तीन ट्रॅव्हल्स घेऊन आधी चढलं की तुझी स्कूटी धक्क्यावरच राहते, तसंच बांगड्याचं कालवण आधी चढतं आणि गोळी धक्क्यावर. म्हणून खूप डॉक्टर ही गोळी जेवणाआधी अर्धा तास नाहीतर जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगतात. तू मनाने बदल करू नकोस, काहींना रिकाम्या पोटी मळमळतं, पण पुढच्या वेळी न्यूरोलॉजिस्टकडे जाल तेव्हा हे विचारायचंच. आणि मासे बंद करायचे नाहीत हं, म्हाताऱ्या माणसाचं वजन झपाट्याने उतरतं, फार तर जास्तीचा वाटा रात्रीच्या जेवणात सरकवता येतो का एवढं विचारा.

हे मी आधी का सांगितलं, तर तू ती ओळ अगदी सहज लिहून गेलीयस. सकाळी बरे, दुपारी जेवल्यावर नाही, साडेचारला परत हालचाल सुरू. ओपीडीत दहा मिनिटं बघणाऱ्या डॉक्टरला हे दिसणं शक्य नाही, आणि घरातल्या बाकी चार माणसांना रोज दिसत असून त्यांनी नोंद घेतली नाही. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये ज्या छोट्या पुस्तिकेत हा आजार पहिल्यांदा नीट मांडला त्यात सगळे मिळून सहा रुग्ण होते, आणि त्यातले काही तर त्याने नुसते रस्त्याने जाता-येता पाहिलेले, तपासलेलेही नव्हते. तर बघता येणं ही काही छोटी गोष्ट नाहीये, आणि ते तुला येतंय. हे तुझ्या बाजूने झालं. आता जे सांगणारे ते कदाचित तुला आवडणार नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. तुला पीएचडीला पाच ते सहा वर्षं, त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या लॅबमध्ये तात्पुरतं संशोधन, तीन-चार वर्षं, म्हणजे स्वतःची लॅब मिळालीच तर पस्तिशीच्या आसपास. आणि लॅब मिळाली म्हणजे औषध मिळालं असं नाही. तुझ्या शोधाचा आजोबांना उपयोग होणार नाही, हे आत्ता कबूल करून टाक आणि मगच पुढचं वाच. मी हे कठोरपणे लिहितेय कारण मी ते जवळून बघितलंय. मी पीएचडी केली त्या लॅबमध्ये माझ्या एक वर्ष पुढे एक मुलगी होती, तिच्या आईला अल्झायमर. आम्हा सगळ्यांत हुशार तीच. पण प्रयोग फसला की आमचा नुसता प्रयोग फसायचा, तिला मात्र आपण आईला फसवलं असं वाटायचं, आणि या धंद्यात दहातले आठ प्रयोग फसतातच. रविवारी घरी फोन झाला की सोमवारी ती लॅबमध्ये यायची पण खुर्चीतून उठायची नाही. तिसऱ्या वर्षी सोडून गेली. नंतर तिने आईचं सगळं शेवटपर्यंत केलं आणि आता मेडिकल रायटिंग करते, छान चाललंय तिचं, पण ती तीन वर्षं तिने स्वतःला जे सोलून काढलं ते तुझ्या वाट्याला येऊ नये.

आता कोणी म्हणेल, मग घरच्या आजारासाठी संशोधनात उतरून कुणाचं भलं झालंच नाही का. झालंय की. नॅन्सी वेक्सलरचं नाव तू ऐकलं असशील. तिच्या आईला हंटिंग्टन्स होता, हाही मेंदूच्या पेशी मारणाराच, पण असा आजार की आई किंवा बापाला असला तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. आई १९७८ मध्ये गेली, आणि १९७९ पासून नॅन्सी दरवर्षी व्हेनेझुएलात माराकाइबो तलावाच्या काठच्या गावांत जायला लागली, तिथे हा आजार घराघरात होता. पाण्याकाठी राहणारे, मासेमारी करणारे लोक, तुझ्या गावासारखेच. रक्ताचे नमुने गोळा करायचे, वंशावळी लिहून घ्यायच्या, असं करत करत १९८३ मध्ये कळलं की जीन चौथ्या गुणसूत्रावर कुठेतरी आहे. हे "कुठेतरी" म्हणजे नेमकं कुठे ते सापडायला १९९३ उजाडलं, दहा वर्षं, आणि तेसुद्धा अनेक लॅबनी एकत्र येऊन. सीएजी ही तीन अक्षरं जीनमध्ये लागोपाठ किती वेळा येतात ते मोजायचं, चाळीस किंवा जास्त वेळा आली की आजार होतोच. इतकं स्वच्छ कारण असल्या आजारांत क्वचितच सापडतं. आणि तरीही हा आजार पूर्ण बरा करणारं औषध आजही नाही. २०२० मध्ये नॅन्सीने स्वतःलाही तोच आजार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे कारण पूर्ण सापडणं आणि माणूस बरा होणं यात एवढं अंतर असू शकतं, हे डोळे उघडे ठेवून तुला यात यायचंय.

माझं विचारशील तर मला कसलीही उदात्त ओढ नव्हती. आमच्या घरात कुणालाच असला आजार नव्हता. मी गुहागरकडची, वडिलांची आंब्याची बाग, आणि मी बायोकेमिस्ट्रीला गेले कारण दुसरीकडे नंबर लागला नाही. या विषयात अडकले ते एका उकळीमुळे. पहिल्याच वर्षी सिनियरने मला अल्फा-सिन्युक्लिन बनवायला शिकवलं. हे प्रोटीन १४० अमिनो आम्लांचं, लहानसं. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत पेशींच्या आत ज्या गुठळ्या दिसतात त्या फ्रेडरिक लेवी नावाच्या डॉक्टरने १९१२ मध्येच पाहून ठेवलेल्या, पण त्या प्रामुख्याने कशाच्या आहेत हे कळायला १९९७ साल यावं लागलं, तेच हे प्रोटीन. आम्ही ते बॅक्टेरियांकडून बनवून घ्यायचो. बॅक्टेरिया फोडले की हजारो प्रोटीनचा गढूळ रस्सा तयार होतो, त्यातून आपलं एक वेगळं काढायचं म्हणजे आठवडा जाणार असं मला वाटलेलं. सिनियरने ती नळी उचलली आणि सरळ उकळत्या पाण्यात धरली. मी ओरडलेच, अगं प्रोटीन मरेल! दहा मिनिटांत नळीत सगळं फाटलेल्या दुधासारखं झालं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर पांढरा चोथा तळाला बसला, आणि वर राहिली स्वच्छ निवळी. सिन्युक्लिन त्या निवळीत होतं, जसंच्या तसं विरघळलेलं. इतर प्रोटीनना ठरलेली घडी असते, उष्णतेने ती मोडली की ती एकमेकांना चिकटतात, ह्याला मुळात घडीच नाही, मोडायचं काय?

मग तेच प्रोटीन मेंदूत, साध्या ३७ डिग्रीला, पन्नास-साठ वर्षं शहाण्यासारखं वागून एक दिवस एकमेकांना बिलगून धागे का तयार करायला लागतं? मी त्या रात्री झोपले नाही असं लिहिलं असतं पण झोपले, छान झोपले, फक्त सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच आला आणि पुढची सहा वर्षं येत राहिला. तुला मी हेच विचारतेय. आजोबा क्षणभर बाजूला ठेव, आणि त्या निवळीबद्दल वाचताना तुला पुढे काय होतं ते जाणून घ्यावंसं वाटलं का? वाटलं असेल तर ये. नुसतीच "बरं मग आजोबांचं काय" अशी घाई झाली असेल तर तीही चांगली भावना आहे पण ती तुला दुसरीकडे नेईल, त्यावर खाली लिहिते.

रोजचं काम कसं असतं तेही सांगते कारण बाहेरून सगळं फार चकचकीत दिसतं. शुद्ध केलेलं प्रोटीन घ्यायचं, त्यात थायोफ्लेविन टी नावाचं पिवळं रंगद्रव्य टाकायचं, हे धाग्यांना चिकटलं की चमकतं. प्लेट मशिनमध्ये ठेवायची, ३७ डिग्री, हलवत राहायची आणि वाट बघायची. एक दिवस काही नाही. दोन दिवस काही नाही. मग अचानक चमक दाखवणारी आलेखाची रेघ वर चढते आणि वर जाऊन सपाट होते. ती सुरुवातीची सपाट रेघ म्हणजे माझं अख्खं तारुण्य गं. तिसऱ्या वर्षी मला एक पदार्थ सापडला, तो टाकला की रेघ चढायचीच नाही. चार महिने तेच रिझल्ट, गाइड खूश, पेपरचा आराखडा तयार. मग प्लेटचा स्टॉक संपला, दुसऱ्या प्लेट आल्या आणि पदार्थ टाकूनही रेघ झकास चढली. पुन्हा केलं, पुन्हा चढली. हे प्रोटीन प्लास्टिकच्या पृष्ठभागाला, हवेच्या बुडबुड्याला, हलवण्याच्या वेगाला इतकं लाजाळू आहे की माझा "शोध" हा प्लेटच्या प्लास्टिकचा गुण होता. पेपर गेला. गाइड म्हणाले, बरं झालं आपल्याला कळलं, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर? तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता, आज वाटतं बाई त्या माणसाने माझी लाज राखली.

कारण लाज गेलेलीही बघितलीय ना या क्षेत्राने. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाच्या प्रोटीनचे डाग मेंदूत पेशींच्या बाहेर साठतात आणि टाऊ नावाच्या दुसऱ्याचा आत गुंता होतो, हे तुला सिलॅबसमध्ये असेल. अमायलॉइडचा एक विशिष्ट प्रकार उंदरांची स्मृती घालवतो असं सांगणारा २००६ चा एक गाजलेला पेपर, हजारो जणांनी ज्याचा दाखला दिला, तो चित्रांत फेरफार झाल्याचं निघाल्याने २०२४ मध्ये मागे घेतला गेला. अमायलॉइडची सगळी बाजू त्याने कोसळली असं काही नाही, ती इतर खूप पुराव्यांवर उभी आहे, पण किती जणांची किती वर्षं त्या वाटेने गेली असतील याचा हिशोब कोण देणार. दुसरीकडे लेकानेमॅब नावाचं अमायलॉइड साफ करणारं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मेंदूतले डाग खरंच कमी होतात. आणि माणसाचं काय होतं, तर अठरा महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंद होते, १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक ०.४५ गुणांचा, मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका पत्करून. शंभर वर्षांहून जास्त काळात, म्हणजे अलोइस अल्झायमरने १९०६ मध्ये पहिली रुग्ण मांडल्यापासून, आपण इथवर आलोय. कुणाला हे निराशाजनक वाटेल, मला नाही वाटत, मी प्लेट रीडरसमोर बसलेली बाई आहे, मला रेघ जराशी जरी हलली तरी बरं वाटतं.

पार्किन्सन्समध्ये अजूनही भांडण आहे ते हे, की गुठळी हे कारण की पेशी आधीच बिघडल्यावर साचलेला गाळ. गुठळ्या एका पेशीतून दुसरीत पसरत असाव्यात याचा एक जबरदस्त पुरावा २००८ मध्ये आला, काही रुग्णांच्या मेंदूत दहा-पंधरा वर्षांपूर्वी गर्भातल्या कोवळ्या पेशी बसवल्या होत्या, ते रुग्ण वारल्यावर बघितलं तर त्या नव्या पेशींतही तशाच गुठळ्या. दुसऱ्या बाजूने बघ, १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी मुलं अचानक दगडासारखी ताठर झाली, त्यांनी टोचून घेतलेल्या भेसळीच्या मालात एमपीटीपी नावाचं रसायन होतं. ते पेशीतल्या मायटोकाँड्रियाची, म्हणजे पेशीच्या वीजघराची वीजच तोडतं, आणि मेंदूत खोलवर जो काळसर पट्टा असतो, डोपामाइन बनवणाऱ्या पेशींचा, नेमका तोच मारतं. तुझ्या आजोबांचा हात थरथरायला लागला त्या दिवशी त्या पट्ट्यातल्या साधारण निम्म्या पेशी आधीच गेलेल्या होत्या. रोटेनोन हे कीटकनाशक आणि पॅराक्वाट हे तणनाशक, दोन्हींनी प्राण्यांत असंच नुकसान घडवता येतं आणि कीटकनाशकांशी वर्षानुवर्षं संबंध आलेल्या शेतकऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत. फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला होतो असं कुणी समजू नका, पण माझे वडील मोहोराच्या दिवसांत उघड्या हातांनी, तोंडाला फक्त पंचा गुंडाळून फवारायचे ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. तुमच्याकडे कुणाची बाग असेल तर ग्लोव्ह्ज आणि मास्क घालायला लाव, ऐकणार नाहीत, तरी लाव.

आणि यातच तुझ्यासारखीची खरी जागा मला दिसते. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुर तालुक्यातल्या गावांत पंचेचाळिशीच्या पुढची माणसं पुन्हा पुन्हा तपासत राहायचं काम घेतलंय, १०,००० माणसांचं उद्दिष्ट आहे, रक्त, जीन, एमआरआय, स्मृतीच्या चाचण्या सगळं. आपल्या देशात साठीच्या पुढच्यांत साडेसात टक्क्यांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे आणि जगातला बराचसा जनुकीय डेटा मात्र गोऱ्या लोकांचा. दापोली-मंडणगडच्या वाड्यांत असं काही उभं राहिलं तर तिथे जाऊन बायकांशी त्यांच्या बोलीत बोलेल अशी बायोकेमिस्ट कुठून आणणार? म्हातारी आधी विचारते, तू कुणाची गं?

बरं, आता पैसे, बाबांना हेच विचारायचं असतं खरंतर, म्हातारा वगैरे निमित्त. सीएसआयआर-नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग एसआरएफ, म्हणजे सिनियर फेलो झाल्यावर ४२,०००, हे २०२३ पासूनचे दर, हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. लोट्याला सुरुवातीला तुला याहून फार जास्त मिळणार नाही, हे बाबांना सांग. पण हेही सांग की फेलोशिप कधीकधी चार-चार महिने उशिरा येते, मी एकदा गणपतीला घरी यायला मैत्रिणीकडून उसने घेतलेत, आणि पोस्टडॉकनंतर पर्मनंट जागा मिळेलच याची कुणी हमी देत नाही. राज्य सरकारच्या सारथी, महाज्योती, बार्टी या संस्थांच्याही पीएचडी फेलोशिप असतात, तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बघ. परीक्षा म्हणशील तर नेट, डीबीटीची बेट, गेट, आणि टीआयएफआर-एनसीबीएसची जेजीबिल्स, शक्य त्या सगळ्या दे. जागा, म्हणजे संशोधन संस्था: बंगळुरूला निमहान्स, तिथे मेंदूंची बँकही आहे, शिवाय एनसीबीएस, आयआयएससी, दिल्लीजवळ मानेसरला एनबीआरसी, हैदराबादला सीसीएमबी, पुण्याला आयसर, पवईला आयआयटी जिथे प्रोटीनच्या गुठळ्यांवर चांगलं काम होतं, आणि कुलाब्याला टीआयएफआर. टीआयएफआरमध्ये शुभा टोळे, विदिता वैद्य ही बायकांची नावं आहेत, त्यांचे विषय वेगळे, मेंदूची जडणघडण आणि भावभावना, पण मेंदूवर काम करायला आपल्या घरातल्या मुलीही जातात हे बाबांना दाखवायला उपयोगी पडेल. आणि समुद्र अगदी खिडकीशी आहे तिथे, हर्णैच्या मुलीला बरं वाटेल.

पण आत्ता लगेच पीएचडीचा फॉर्म भरू नकोस. हे माझं ठाम मत आहे, गाइड लोक काहीही म्हणोत. तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून एक समर रिसर्च फेलोशिप असते, दोन महिने एखाद्या चांगल्या लॅबमध्ये जाऊन राहायचं, राहण्या-खाण्यापुरते पैसे मिळतात, तुझ्या वर्षाला ती चालते का ते बघून तिच्यावर नजर ठेव. ते हुकलं तर एमएस्सी झाल्यावर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून सहा महिने-वर्ष काढ कुठेतरी. पिपेट धरून पाठ दुखू दे, प्रयोग फसू देत, लॅब मीटिंगमध्ये कुणीतरी सगळ्यांसमोर तुझा ग्राफ फाडू दे, आणि मग बघ सोमवारी सकाळी जावंसं वाटतं का. लॅब निवडताना गाइडच्या पेपरांच्या आधी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर, किती वर्षांत सुटलात एवढंच विचार, आणि उत्तराआधी ते किती वेळ गप्प बसतात ते मोज.

आणि मघाशी म्हटलं ती दुसरी वाट. तुला रेणूपेक्षा आजोबाच जास्त दिसत असतील तर रुग्णांच्या जवळची कामं आहेत आणि त्यात माणसं फार कमी पडतात: क्लिनिकल रिसर्च, जेनेटिक काउन्सेलिंग, फिजिओ, स्पीच थेरपी. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, त्यांच्याशी बोल, पीएचडी करणार असलीस तरी बोल. माझ्या सहा वर्षांत मी या आजाराचं प्रोटीन रोज बघितलं आणि रुग्ण एकदाही बघितला नाही, ही आमच्या शिक्षणातली मोठी खोट आहे.

चूर्णाचं: देऊ नकोस. खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, मद्रासमध्ये १९३७ सालीच दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्या बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं, पार्किन्सन्सच्या रुग्णांवर ते वापरायला लागले ते १९६१ पासून. म्हणजे चूर्णात काही नाही म्हणून मी नको म्हणत नाहीये, आहे म्हणून नको म्हणतेय. गोळीवर वर आणखी तेच औषध, आणि चमच्यात किती आहे ते कुणालाच ठाऊक नाही, म्हातारा माणूस चक्कर येऊन पडला तर खुब्याचं हाड जायचं. डॉक्टरांना डबी नेऊन दाखव.

टेस्टचं: घाई नको. सत्तरीच्या आसपास सुरू झालेला आणि घरात दुसऱ्या कुणालाच नसलेला पार्किन्सन्स बहुतेक वेळा कुठल्याही एका जीनने आलेला नसतो. आत्या-काकांपैकी कुणाला पन्नाशीच्या आत थरथर सुरू झाली असेल तर मात्र जेनेटिक काउन्सेलरकडे जा, नुसती ऑनलाइन किट मागवून थुंकी पाठवू नकोस.

आता एक काम देते. पंधरा दिवस एक वही कर. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, ताटात काय होतं, सुई हातात धरून किती गाठी मारल्या, कधी बसून राहिले. आजोबांनाच विचारून लिही, त्यांना सांगून लिही, आणि गाठी त्यांनाच मोजू दे. वाटलं तर हेही विचार की सुकट भाजल्याचा वास कळेनासा कधीपासून झाला, कारण या आजारात हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी नाक जातं, आणि आजीला तारीख नसेल आठवत पण कुठल्या होळीला ते नक्की आठवेल. ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. आणि दुपारचं काय झालं ते मला कळव, मी वाट बघतेय.